शेजाऱ्यास वांचविण्यासाठीं बोललेलें असत्य

मूल बोलूं लागलें म्हणजे आईबाप त्यास जे थोडे नियम प्रथम शिकवितात, त्यांत "खोटें बोलूं नये" हा एक असतो. घरीं हाच नियम, शाळेंत हाच, आणि रविवारीं दहा आज्ञांचा पाठ घेतांना मंडळींतहि हाच. तो इतका सरळ आहे कीं त्याविषयीं अधिक विचार करावा असें आपणांस सहसा वाटत नाहीं. परंतु त्याच मुलास आपण दुसराहि एक धडा देत असतों: शेजाऱ्यावर प्रीति कर, दुबळ्याची बाजू घे, मित्रास संकटांत टाकून जाऊं नकोस. बहुतेक दिवस हे दोन्ही धडे सुखानें एकत्र नांदतात. मग एखादे रात्रीं दारावर थाप पडते. बाहेर हत्यारबंद शिपाई उभे असतात, आणि आंत निजलेल्या मुलीकडे बोट दाखवून ते विचारतात, "ही कोणाची?" त्या क्षणीं दोन्ही धडे पाळतां येतील काय? आणि न येतील तर कोणता सोडावा?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा आहे असें कोणीं समजूं नये. मुलांसाठींच लिहिलेल्या एका गोष्टीच्या पुस्तकांत तो उभा राहतो, आणि तें पुस्तक वाचणारें चुणचुणीत मूल तो आपल्या शिक्षकास विचारल्यावांचून राहत नाहीं. लॉइस लॉरी या अमेरिकन लेखिकेनें १९८९ सालीं 'नंबर द स्टार्स' या नांवाचें हें पुस्तक लिहिलें. त्याचें नांव १४७ व्या स्तोत्रावरून घेतलेलें आहे. अमेरिकेंत मुलांच्या उत्तम पुस्तकास दरवर्षीं न्यूबेरी पदक देण्यांत येतें. तें १९९० सालीं या पुस्तकास मिळालें.

गोष्ट सांगण्यापूर्वीं ती ज्या इतिहासावर उभारली आहे तो थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील लहानसा देश. तेथील राष्ट्रीय मंडळी ल्यूथरच्या मतास अनुसरणारी आहे. ता. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मन सैन्यानें तो देश व्यापिला. पहिलीं तीन वर्षें जर्मनांनीं तेथील सरकार चालूं ठेविलें, व तेथील यहूद्यांस पकडून नेलें नाहीं. पुढें १९४३ च्या उन्हाळ्यांत लोकांचा विरोध वाढला. संप झाले, घातपात झाले. ता. २९ ऑगस्ट रोजीं डॅनिश सरकारनें कारभार सोडला, आणि त्याच दिवशीं डॅनिश आरमारानें आपलीं पुष्कळ जहाजें शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून आपल्याच हातांनीं बुडविलीं. त्यानंतर देशांतील सर्व यहूद्यांस एका रात्रींत धरून नेण्याचा बेत ठरला. ती रात्र १ ऑक्टोबरची. परंतु जर्मन वकिलातींतीलच गेओर्ग फर्डिनांड डुकविट्झ या अधिकाऱ्यानें ता. २८ सप्टेंबर रोजीं ही बातमी डॅनिश पुढाऱ्यांच्या कानीं घातली. दुसरे दिवशीं सकाळीं, यहूदी नववर्षाच्या आदल्या प्रहरीं, रब्बी मार्कस मेल्खिओर यांनीं कोपनहेगनच्या सभास्थानांत जमलेल्या लोकांस सांगितलें कीं, ताबडतोब घरें सोडा, लपा, आणि भेटेल त्यास हा निरोप द्या.

मग शिक्षक, डॉक्टर, पाळक, विद्यार्थी, कोळी अशा नाना प्रकारच्या लोकांनीं आपलीं दारें उघडलीं. कोपनहेगन येथील बिस्पेब्येर्ग इस्पितळांत धडधाकट यहूद्यांस भलत्याच डॅनिश नांवांनीं रोगी म्हणून दाखल करून घेण्यांत आलें. कोपनहेगनचे बिशप हान्स फुग्लसांग-डामगार्ड यांनीं या छळाचा निषेध करणारें पत्र काढिलें, आणि रविवार ता. ३ ऑक्टोबर रोजीं तें देशभर मंदिरांतून वाचण्यांत आलें. छळ हा शेजारप्रीतीच्या आज्ञेविरुद्ध आहे, आणि मनुष्यांपेक्षां देवाची आज्ञा मानणें हें आपलें कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे स्वीडन देश होता. तो युद्धांत पडला नव्हता, आणि येतील त्या सर्वांस आश्रय देऊं असें त्यानें ता. २ ऑक्टोबर रोजीं जाहीर केलें होतें. थोड्याच आठवड्यांत कोळ्यांच्या होड्यांतून सुमारें ७,२०० यहूदी व त्यांचे सुमारें ७०० यहूदीतर नातलग पैलतीरीं पोंचले. सुमारें ४७० जण सांपडले. त्यांस तेरेझीन येथील बंदिवासांत नेण्यांत आलें, आणि त्यांपैकीं सुमारें ५० तेथें मरण पावले.

यहूदी लोक आपल्या वाचकांस अगदीं परके नाहींत. कोंकणांत शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस शनवार तेली म्हणत, ते बेने-इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले आहेत. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशीं गेले. थोडे अद्यापि येथें आहेत. आमच्याप्रमाणेंच भाकरी खाणारा, आमचीच भाषा बोलणारा असा एखादा शेजारी डोळ्यांपुढें आणिला म्हणजे पुढील गोष्ट दूरची वाटणार नाहीं.

कोपनहेगनमध्यें आनेमरी योहान्सन ही दहा वर्षांची मुलगी राहते. तिची मैत्रीण एलेन रोसेन ही त्याच इमारतींत राहणारी यहूदी मुलगी. दोघी एका शाळेंत जातात, एकत्र खेळतात, रस्त्यावर शर्यती लावितात. धरपकडीची बातमी येतांच एलेनचे आईबाप लपावयास जातात आणि एलेनला योहान्सन कुटुंबाच्या स्वाधीन करितात. त्या घरांतील थोरली मुलगी लीसा पूर्वींच वारलेली असते. एलेननें लीसा म्हणून राहावें असें ठरतें. रात्रीं शिपाई येतात. एलेनच्या गळ्यांत दाविदाचा तारा असलेली साखळी आहे हें आनेमरीच्या ध्यानांत येतें. फासा निघत नाहीं, म्हणून ती साखळी हिसका देऊन तोडते व तारा मुठींत घट्ट आवळून धरिते. सगळ्या कुटुंबाचे केस पिवळे आणि हिचेच काळे कसे, असा शिपायांस संशय येतो. तेव्हां बाप लीसाचें तान्हेपणींचें चित्र काढून दाखवितो. त्या वेळीं तिचे केस काळे होते. शिपाई जातात. आनेमरी मूठ उघडते तों ताऱ्याची खूण तिच्या तळहातावर उमटलेली असते.

पुढें आई मुलींना घेऊन गिलेलाय या किनाऱ्यावरील गांवीं आपल्या भावाकडे जाते. हेन्रिक मामा कोळी असतो. त्याच्या घरांत एक शवपेटी आणून ठेवितात. बिर्ते नांवाची म्हातारी आजी वारली असें सांगतात. अशी आजी आपल्या नात्यांत कधींच नव्हती हें आनेमरीस ठाऊक असतें. रात्रीं शिपाई येऊन पेटी उघडावयास सांगतात, तेव्हां आई म्हणते, म्हातारी टायफसनें गेली, तो आजार पसरूं नये म्हणून पेटी बंद ठेविली आहे. पेटींत असतात गरम कपडे आणि कांबळीं, समुद्र ओलांडणाऱ्यांसाठीं. शेवटीं एक अत्यंत महत्त्वाचें पुडकें वाटेंत पडून राहतें आणि आई पाय मोडून पडते. तेव्हां तें टोपलींत भाकरीखालीं घालून आनेमरी एकटीच रानांतून बंदराकडे धांवते. शिपाई व कुत्रे तिला अडवितात. ती आपल्या धाकट्या बहिणीसारखी अजाण बनून, मामाची न्याहारी घेऊन चाललें आहें, अशी बडबड करिते. पुडक्यांत एक हातरुमाल असतो. कुत्र्यांच्या नाकाची शक्ति मारणारें औषध त्यास लाविलेलें असतें, आणि त्यामुळेंच होडीच्या तळाशीं लपलेलीं माणसें सांपडत नाहींत. एलेन सुखरूप पैलतीरीं पोंचते.

आतां या गोष्टींतील असत्यें मोजूं. बाप दुसऱ्याच्या मुलीस आपली म्हणतो आणि मेलेल्या मुलीचें चित्र पुरावा म्हणून दाखवितो. आई व मामा कधीं न जन्मलेल्या म्हातारीचें सुतक धरितात. मुलगी सोंग करिते. गोष्टींतील एकूण एक चांगलें माणूस खोटें बोलतें, आणि वाचणारें मूल श्वास रोखून इच्छितें कीं तें खोटें पचावें. मग दुसरे दिवशीं तें मूल आपणांस विचारतें, "गुरुजी, आनेमरीनें पाप केलें काय?" "होय" म्हणावें तर मुलाचें मन बंड करून उठतें, आणि तें बंड वाईट नाहीं. "नाहीं" म्हणावें तर उद्यां तेंच मूल फोडलेल्या मडक्याविषयीं खोटें बोलून आनेमरीचा दाखला देईल. म्हणून उत्तर नीट विचार करून दिलें पाहिजे.

या विषयावर थोर मनुष्यांचीं मतें एक नाहींत. ऑगस्टिनचें मत असें कीं, कोणत्याहि कारणासाठीं खोटें बोलणें अयोग्यच. तो फिर्मस नांवाच्या बिशपाची हकीकत सांगतो. फिर्मसानें एका मनुष्यास लपविलें होतें. सरकारी माणसें विचारावयास आलीं तेव्हां तो म्हणाला कीं, मी खोटें बोलणार नाहीं आणि त्या मनुष्यास धरूनहि देणार नाहीं. त्याचे हालहाल करण्यांत आले तरी तो ढळला नाहीं. शेवटीं बादशहास त्याच्या धैर्याचें नवल वाटून त्यानें त्या लपलेल्या मनुष्यास क्षमा केली. पुढें १७९७ सालीं इमानुएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें एक निबंध लिहून असेंच मत मांडिलें: खुनी मनुष्य दाराशीं येऊन आपल्या मित्राचा ठाव विचारूं लागला तरी त्याच्याशीं खोटें बोलण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

उलट बाजूस शास्त्रांत शिफ्रा व पुवा या सुइणी आहेत. इब्री मुलगे जन्मतांच मारावे असा फारोचा हुकूम असतां त्यांनीं तीं मुलें वांचविलीं, आणि विचारणा झाल्यावर राजास भलतेंच कारण सांगितलें. निर्गमाच्या पहिल्या अध्यायाप्रमाणें देवानें त्यांचें कल्याण केलें. यरीहोंतील राहाबेनें हेरांस छपरावर लपवून, ते निघून गेले असें शिपायांस सांगितलें. नव्या करारांत तिचा विश्वास व तिचें कृत्य या दोहोंचा गौरवानें उल्लेख आहे. कित्येक टीकाकार म्हणतात कीं गौरव विश्वासाचा आहे, असत्याचा नाहीं. हें म्हणणें टाकाऊ नाहीं. परंतु तिनें खरें सांगितलें असतें तर गौरव करण्याजोगें कांहीं उरलेंच नसतें, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे.

त्याच युद्धांत हॉलंड देशांतील हार्लेम शहरीं टेन बोम नांवाचें एक भाविक प्रॉटेस्टंट कुटुंब होतें. घड्याळें दुरुस्त करणारा म्हातारा बाप कास्पर व त्याच्या मुली यहूद्यांस आश्रय देत. १९४४ च्या फेब्रुवारींत तीं सर्व पकडलीं गेलीं. कास्पर थोड्याच दिवसांत तुरुंगांत वारला, आणि त्याची मुलगी बेत्सी त्याच वर्षीं डिसेंबरांत रावेन्सब्रुक येथील छावणींत मरण पावली. कोरी ही मुलगी जगली, आणि तिनें १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत आपल्या घरांतीलच मतभेद सांगितला आहे. कोरी यहूद्यांसाठीं चोरून आणिलेलीं शिधापत्रें मिळवी. परंतु तिची विवाहित बहीण नोली हिचा निश्चय असा कीं खोटें म्हणून बोलावयाचें नाहीं. नोलीच्या घरीं शिपाई आले व तेथील एका तरुण स्त्रीकडे बोट दाखवून त्यांनीं विचारिलें, "ही यहूदी काय?" नोली "होय" म्हणाली. दोघींस पकडून नेलें. त्या तरुणीस ज्या ठिकाणीं कोंडिलें होतें तें कांहीं दिवसांनीं फोडण्यांत आलें व ती सुटली. परंतु नोलीनें "होय" म्हटलें त्या घटकेस ती सुटेल हें कोणास ठाऊक होतें?

येथें फिर्मस आणि नोली यांच्यांतील एक भेद पाहण्याजोगा आहे. फिर्मसाच्या सत्याची किंमत फिर्मसाच्या देहानें दिली. नोलीहि तुरुंगांत गेली, हें तिच्या निष्ठेचें भूषण होय. परंतु तिच्या सत्याचा पहिला घाव दुसरीवर पडला. स्वतःच्या सत्यासाठीं स्वतः मरणें हें हौतात्म्य आहे. स्वतःच्या सत्यासाठीं शेजाऱ्यास मरूं देणें याला कोणतें नांव द्यावें? शिवाय फिर्मसाला मौनाचा मार्ग मोकळा होता, कारण त्याचा आश्रित शिपायांच्या नजरेसमोर नव्हता. योहान्सनांच्या घरांत मुलगी समोरच उभी होती. तेथें बापानें मौन धरिलें असतें तर तें मौनच साक्ष झालें असतें.

डीट्रिख बोन्हॉफर हे जर्मन पाळक आपल्या देशाच्या जुलमी राज्यकर्त्यांस विरोध केल्यामुळें ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं फांशीं गेले. तुरुंगांत असतां त्यांनीं सत्य बोलणें म्हणजे काय यावर एक लेख लिहिण्यास घेतला होता. त्यांत एक दाखला आहे. शिक्षक भरवर्गांत एका मुलास विचारितो, "तुझा बाप दारू पिऊन घरीं येतो, हें खरें ना?" तें खरेंच असतें, परंतु मुलगा "नाहीं" म्हणतो. बोन्हॉफर यांचें म्हणणें असें कीं, घराची लाज चारचौघांत उघडी करण्याचा शिक्षकास अधिकार नव्हता. मुलाजवळ योग्य उत्तर देण्यास शब्द नव्हते, म्हणून त्यानें "नाहीं" म्हणून आपलें घर राखिलें. दोष मुलापेक्षां विचारणाऱ्याचा अधिक.

हा दाखला आपल्या प्रश्नाच्या मुळापर्यंत नेतो. शिपाई विचारतो, "ही यहूदी काय?" वरवर पाहतां ही साधी चौकशी. परंतु त्याच्या तोंडीं या शब्दांचा अर्थ "हिला मारावयास हरकत नाहीं ना?" असा होता. त्या राज्यानें एका संबंध लोकसमूहास मनुष्यांच्या यादींतून वगळिलें होतें, आणि हेंच त्या सर्व प्रकरणांतील मूळ व सर्वांत मोठें असत्य. या अर्थानें विचारलेल्या प्रश्नास "होय" म्हणणारा शब्दांनीं खरें बोलतो, पण त्या मोठ्या असत्यावर आपली सही करितो. "ही माझी मुलगी" असें म्हणणारा बाप शब्दांनीं खोटें बोलला. परंतु हें मूल माझ्या राखणींत आहे, हिला हात लावूं नका, असें जें त्याला म्हणावयाचें होतें तें सर्वथैव सत्य होतें.

शिवाय आज्ञेची मूळ रचना पाहावी. ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करिते. खेड्यांतील वाचकांस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं: बांध सरकवणाऱ्याच्या बाजूनें कचेरींत उभें राहून शपथेवर खोटें बोलणारा आणि त्यामुळें उघड्यावर पडलेलें विधवेचें कुटुंब त्यांनीं पाहिलें आहे. ती आज्ञा शेजाऱ्याचें रक्षण करण्यास दिलेली आहे. शेजाऱ्याचा घात करण्यास तीच साधन म्हणून वापरणें हें कुंपणानें शेत खाण्यासारखें होय.

तथापि एवढ्यावर थांबलों तर मोठें भगदाड पडेल. आपलें प्रत्येक असत्य परोपकारासाठींच आहे असें मनुष्यास सहज वाटूं लागतें. म्हणून मुलांस, आणि आपणांसहि, कांहीं कसोट्या हाताशीं ठेविल्या पाहिजेत. पहिली: विचारणाऱ्यास तें सत्य मागण्याचा अधिकार आहे काय? आईबाप, शिक्षक, न्यायानें वागणारा अधिकारी यांस तो असतो; निरपराध्याच्या जिवावर उठलेल्यास नसतो. दुसरी: मौन, नकार, दार बंद करणें, असा दुसरा कांहीं मार्ग उरला आहे काय? असेल तर तोच धरावा. तिसरी: या असत्याची किंमत कोण देणार? आनेमरी पकडली गेली असती तर शिक्षा तिला व तिच्या घरच्यांस झाली असती. मडकें फोडून "मांजरानें फोडलें" म्हणणारें मूल किंमत दुसऱ्याच्या माथीं मारितें. चौथी: संकट टळल्यावर हीच गोष्ट उघड सांगतां येईल काय? डेन्मार्क मे १९४५ मध्यें मुक्त झाला, त्या दिवसानंतर अशा घरांतील बाप आपण काय बोललों तें चव्हाट्यावर उभा राहून सांगूं शकला असता. स्वार्थासाठीं बोललेलें खोटें मात्र वर्षानुवर्षें झांकून ठेवावें लागतें, आणि तें झांकण्यास आणखी दहा खोटीं लागतात. या चार कसोट्यांस उतरणारा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यांत एकदांहि येत नाहीं, हेंहि मुलांस स्पष्ट सांगावें.

धैर्याविषयींहि हें पुस्तक एक विचार पुढें ठेवितें. आनेमरी मामाला विचारिते कीं, तुम्ही मला खरें कां सांगितलें नाहीं? मामा तिला समजावितो कीं सर्व कांहीं ठाऊक नसलें म्हणजे धीर धरणें सोपें जातें. कित्येकांस वाटेल, हा मुलीस फसविण्याचाच प्रकार झाला. परंतु पुढें काय होतें तें पाहावें. मुलगी सरळ विचारिते तेव्हां मामा सरळ उत्तर देतो: होय, बिर्ते आजी कोणी नव्हतीच. तो तिच्यावर ओझें लादीत नाहीं, पण तिनें डोळ्यांत डोळे घालून विचारल्यावर तिला उडवूनहि लावीत नाहीं. याच कारणानें त्या घरांतील विश्वास मोडत नाहीं. शिपायांशीं खोटें बोलणारें तें कुटुंब आपसांत खरें राहतें. हें उलट झालें, म्हणजे बाहेर मोठा सत्यवादी आणि घरांत लपंडाव, तर तें घर कोणाच्याहि आश्रयाचें ठिकाण होऊं शकत नाहीं.

मैत्रीविषयीं तर अधिक सांगणें नको. आनेमरी जें करिते तें मनुष्यजातीवरील प्रेमाचा सिद्धांत शिकून करीत नाहीं. एलेन तिच्यासंगें शाळेंत जाणारी, शर्यतींत मागें पडणारी, नाटकाची हौस असलेली तिची मैत्रीण आहे. तिला कोणी नेऊं नये, एवढेंच तिला कळतें. संकटाच्या रात्रीं जी मैत्री उपयोगी पडली ती साध्या दिवसांत जोडलेली होती. आपल्या गांवांतहि शाळेंत एखाद्या मुलास वेगळें बसवितात, पाण्याच्या भांड्याला हात लावूं देत नाहींत, नांवें ठेवून चिडवितात. त्याच्याशेजारीं जाऊन बसणें यास शिपायांपुढें उभें राहण्याइतकें धैर्य लागत नाहीं. पण हें लहान धैर्य ज्यानें कधीं केलें नाहीं, त्याच्यापाशीं मोठें आयत्या वेळीं कोठून येणार?

आणखी एक सावधगिरीची सूचना. सत्याविषयीं शिकवितांना गोष्टीच्या भरांत इतिहास बिघडवूं नये. डेन्मार्कचा राजा दहावा क्रिस्तियन यानें यहूद्यांप्रमाणें आपल्याहि अंगरख्यावर पिवळा तारा लाविला, ही आख्यायिका पुष्कळ ठिकाणीं सांगतात. ती मनोहर आहे, पण खरी नाहीं. डेन्मार्कमधील यहूद्यांस तारा लावण्याचा हुकूमच कधीं झाला नव्हता. कल्पित गोष्ट आपण कल्पित आहों असें सांगते, म्हणून ती कोणास फसवीत नाहीं, आणि लॉरी बाईंनीं पुस्तकाच्या शेवटीं खरें किती व रचलेलें किती तें वेगळें करून सांगितलें आहे. कल्पिताला इतिहास म्हणून सांगणें ही मात्र फसवणूक होय. येथें कोणाचा जीव वांचवावयाचा नसतो, केवळ श्रोत्यांची वाहवा मिळवावयाची असते. वरील एकाहि कसोटीस तें उतरत नाहीं.

त्याचप्रमाणें अप्रिय भागहि मुलांपासून लपवूं नये. समुद्र ओलांडून नेण्याबद्दल पुष्कळ कोळ्यांनीं पैसे घेतले, आणि कित्येकांनीं फारच घेतले. ज्यांच्यापाशीं नव्हते त्यांच्यासाठीं इतरांनीं वर्गणी जमविली. ज्या गिलेलाय गांवीं आनेमरीची गोष्ट घडते, त्याच गांवांतील चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारें ८० यहूदी ६ ऑक्टोबरच्या रात्रीं पकडले गेले. शेजारीं स्वीडन नसता, आधीं सूचना मिळाली नसती, यहूद्यांची संख्या थोडी नसती, तर एवढे जीव वांचले असते असें म्हणवत नाहीं. पोलंड व हॉलंड येथेंहि शूर माणसें होतीं. तरी तेथील बहुसंख्य यहूदी मारले गेले. धैर्य केलें म्हणजे यश मिळतेंच असें मुलांस शिकविणें हेंहि एक असत्यच होय. या पुस्तकांतसुद्धां लीसाचा वाग्दत्त वर पीटर हा शत्रूच्या गोळीस बळी पडतो.

मग "आनेमरीनें पाप केलें काय?" या प्रश्नास शिक्षकानें काय उत्तर द्यावें? माझ्या मतें असें द्यावें: तिनें शेजाऱ्याविरुद्ध साक्ष दिली नाहीं, शेजाऱ्याच्या बाजूनें ती उभी राहिली. जग जसें असावें तसें असतें तर तिला खोटें बोलावें लागलेंच नसतें. तें बोलावयास लाविल्याचा दोष दारावर थाप मारणाऱ्यांकडे आहे. आणि बाळा, तुझ्या दाराशीं ते शिपाई आलेले नाहींत. म्हणून मडक्याचें काय झालें तें खरें सांग. नोलीसारखा जो कोणी आपल्या विवेकाच्या आग्रहास्तव याहून कठीण मार्ग धरील, त्यास हसूं नये. परंतु त्यास एवढें विचारावें कीं, त्या मार्गाचा काटा कोणाच्या पायांत मोडणार आहे, तुझ्या कीं तुझ्या आश्रिताच्या?

शेवटीं एक गोष्ट. युद्ध संपल्यावर डेन्मार्कचे यहूदी परत आले, तेव्हां त्यांतील पुष्कळांस आपलीं घरें व चीजवस्तु सुरक्षित आढळल्या. शेजाऱ्यांनीं व कोपनहेगनच्या नगरपालिकेनें त्या सांभाळून ठेविल्या होत्या. सभास्थानांतील पवित्र गुंडाळ्याहि एका ख्रिस्ती मंदिरांत लपवून राखिल्या होत्या. युरोपांतील इतर पुष्कळ ठिकाणीं परत आलेल्यांस आपल्या दारांत परके लोक बसलेले दिसले. जीं माणसें शिपायांशीं खोटें बोललीं, त्यांच्याच हातीं पळून जाणाऱ्यांनीं आपल्या घराच्या किल्ल्या दिल्या होत्या. ज्याचा शब्द नित्याच्या व्यवहारांत खरा, त्याच्याच भरंवशावर मध्यरात्रीं मूल सोंपवून जातां येतें. म्हणून दूध मोजतांना, मजुरी देतांना, पंचांपुढें बोलतांना मुलांस खरेपणा शिकवीत राहावें. आपल्या दारीं आश्रय मागावयास कोणी येईल तर तो हाच खरेपणा पाहून येईल.